सुभेदाराची खरूज

गुंडा पलटणीतून रजेवर आला तेव्हा त्याच्याबरोबर एक ट्रंक, एक कांबळं आणि झाकणाला भोकं पाडलेला बिस्किटांचा मोठा डबा होता. त्याची आई राहीबाई हिनं ट्रंकेकडं ढुंकूनही पाहिलं नाही. भोकं पाडलेल्या डब्यात धड काही निघेल यावर तिचा विश्वास नव्हता.

डब्यात मुठीएवढं, गव्हाळ रंगाचं एक जनावर झोपलं होतं.

"उंदीर हाय," राहीबाई म्हणाली.

"न्हाई आये. ह्येला हॅमस्टर म्हनत्यात. शाम देशात, म्हंजी सिरियात, आमच्या दवाखान्याच्या डाक्टरनं दिला."

"मग शेपूट कुठं ठिवलं त्यानं?"

"हाय की. लय बारीक हाय."

"फुकट दिला?"

"व्हय."

"का?"

गुंडा डब्याचं झाकण लावू लागला. राहीबाईनं ते लक्षात ठेवलं.

जनावर दिवसभर झोपायचं. दिवेलागणीला उठायचं, दोन्ही गालांत जोंधळे कोंबायचं, कोपऱ्यात नेऊन लपवायचं आणि रखवालीला बसायचं. गुंडानं त्याला आपल्या कंपनीच्या सुभेदाराचं नाव दिलं होतं, पण सगळे त्याला सुभेदारच म्हणत. रजा संपल्यावर गुंडा पुण्याला परत गेला. महिन्या-दोन महिन्यांत पलटणीतून नाव कमी करून कायमचा घरी येतो म्हणाला. जाताना सुभेदार आईच्या हवाली केला आणि किड्यामुंग्यांसाठी मिलिटरीच्या पांढऱ्या पावडरीचा एक डबाही ठेवून गेला.

पौषात सुभेदार खाजवू लागला. आधी कानामागं, मग पोटाला. केस गेले, खपल्या धरल्या. त्याच आठवड्यात राहीबाईची लेक बनू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. तिचे दिवस भरत आले होते, आणि राहीबाईला बाकी कशाकडं बघायला सवड नव्हती. पण आळीतलाच, पाटलाचा गडी कोंडीबा दोरखंड मागायला आला, त्यानं डब्यात डोकावून पाहिलं आणि दोरखंड न घेताच गेला.

राहीबाईच्या कवठे गावात प्लेगाच्या सालापासून एक रिवाज होता. घरात उंदीर मरून पडला की आळीनं घरं सोडायची आणि रानात खोपी घालून महिनाभर राहायचं. रिवाज चांगला होता, त्यानं माणसं वाचली होती. फक्त तो करणाऱ्यांनी शाम देशाचा विचार केलेला नव्हता.

नाथाजी पाटील स्वतः आले. लांबूनच डब्याकडं बघत म्हणाले, "राहीबाई, ह्यो मेला तर उंदीर पडला असं धरायचं. आळी रानात."

"आवं पाटील, पोरगी अवघडल्याली हाय. ह्या थंडीत खोपीत बाळंत व्हायचं का तिनं?"

"मग मरू दिऊ नगा."

"आन् लांब नेऊन सोडला तर?"

"तर मेला आन् तुमी लपिवला असं धरायचं. मग सगळं गाव भायेर."

पाटील गेले. महिनाभर जो कधी मरतो म्हणून राहीबाई वाट बघत होती, त्याला जगवायचं काम त्या दुपारपासून तिच्या गळ्यात पडलं.

औषधं चालत आली. कोंडीबानं तंबाखूचं पाणी सांगितलं. राहीबाईला संशय आला, कारण कोंडीबाची बायको रानात वेगळी खोप घालायला केव्हाची आतुर होती. सासूपासून सुटका व्हायची तिची. शेजारची धोंडुबाई वाटीभर रॉकेल घेऊन आली. रेशनमुळं रॉकेल मिळत नसताना ही वाटीभर आणते, याचाच राहीबाईला मोठा संशय आला. तिनं वाटी ठेवून घेतली आणि रात्री कंदिलात ओतली. मिलिटरीची पावडर तर घरातच होती. पण ती उधळताना गुंडानं स्वतःच्या नाकाला फडकं बांधलं होतं, हे तिनं पाहिलं होतं.

शेवटी ती रसूल पिंजाऱ्याच्या आईकडं, मदिनाबीकडं गेली. मदिनाबीचं घर त्याच आळीत होतं, आणि तिच्या तीस कोंबड्यांपैकी एकीलाही कधी किडा लागल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

मदिनाबीनं पांढरं फडकं पसरलं, सुभेदाराला त्यावर ठेवलं आणि त्याचे केस उलटे फिरवले. फडक्यावर धुळीसारखं काहीतरी पडलं. दोघी वाकून बघत राहिल्या. धूळ चालू लागली.

"ही खरूज हाय. प्लेग न्हाई," मदिनाबी म्हणाली. "तंबाखू लावलास का?"

"न्हाई."

"रॉकेल?"

"न्हाई."

"मग जगंल. आगं, ह्ये दिसभर आंग चाटतंय. तू वरनं लावशील ते सगळं त्येच्या पोटात जानार. म्हून जे आपन खातू तेवढंच लावायचं. तिळाच्या तेलाचं बोट, तेबी उघड्या जागेवर, पुसटसं. डोळ्याला न्हाई, नाकाला न्हाई. पान्यात तर बुडवूच नगंस, गारठून मरंल. आतल्या चिंध्या जाळ. डबा उकळत्या पान्यानं धू, उनात वाळव. दर दोन दिसानं नव्या चिंध्या. आन् नदीची बारीक वाळू तव्यावर भाजून, गार करून एका वाटीत ठेव. लोळंल त्येचं त्यो."

राहीबाईनं सगळं ऐकून घेतलं. मग डोळे बारीक केले. "तू मला एवढं का सांगतीस?"

"ह्यो मेला तर मलाबी रानात जावं लागंल की. तीस कोंबड्या आन् कोल्ह्यांचं रान. कुनाला ठिवू राखनीला?"

राहीबाईचा जीव भांड्यात पडला. सल्ल्यामागं स्वार्थ होता. आता विश्वास ठेवायला हरकत नव्हती.

दहा दिवस तिनं सांगितल्याबरहुकूम केलं. सुभेदार भाजल्या वाळूत चारी पाय वर करून लोळू लागला, खाजवणं कमी झालं, खपल्या गळाल्या, कानामागं मऊ लव दिसू लागली. कोंडीबा रोज सकाळी कुंपणापलीकडून विचारी, "जिता हाय का?" आणि आतून बनू ओरडे, "मी का त्यो?"

अकराव्या दिवशी राहीबाईला चिंध्यांचाही संशय आला. किडे चिंध्यांतच लपतात, तर चिंध्या हव्यात कशाला? तिनं सगळ्या काढून टाकल्या. नेमकी त्याच रात्री अशी थंडी पडली की रांजणातल्या पाण्यात हात घालवेना.

सकाळी पत्र्याच्या डब्यात सुभेदार वाटोळा, ताठ आणि गार पडला होता.

राहीबाईनं डबा अंगणात उजेडाला आणला, तेव्हा कोंडीबानं ते कुंपणावरूनच पाहिलं. तो तडक पाटलाकडं पळाला. घटकाभरात पाटील आले, पंच आले, काठीनं सुभेदाराला ढोसून झालं. सुभेदार हालला नाही.

"पडला," पाटील म्हणाले.

आळीनं फार दुःख केलं नाही. दुपारपर्यंत जाती, घागरी, घोंगडी, म्हशी, सगळं रानाच्या वाटेला लागलं. कोंडीबाची बायको सगळ्यांच्या पुढं होती. राहीबाईला बैलगाडी दिली, पण बनूला सकाळपासून कळा सुरू झाल्या होत्या. गाडीवान जो म्हणाला "बैल घिऊन येतो" तो आलाच नाही.

मदिनाबी कोंबड्यांपायी मागं राहिली होती. ती आली, बनूच्या पोटावरून हात फिरवला आणि चूल पेटवायला सांगितलं. पाणी तापत असताना राहीबाईनं सुभेदाराला पुरायला उचललं. उचलून थांबली.

"मदिनाबी, ह्याच्या मिशा हालल्या."

"मेल्याल्याच्या मिशा हालत न्हाईत."

"तेच म्हंते मी. मला आदीपासनं संशव होता ह्येचा."

तिनं त्याला घोंगडीत गुंडाळलं आणि चुलीपासून हातभर लांब ठेवलं. आत बनू कण्हत होती. बाहेर घोंगडी तासभर नुसतीच पडून होती. मग ती धपापू लागली. मग थरथरली. मग सुभेदार आतून बाहेर आला, गारठ्यानं आखडलेला, पण धडधाकट. कडाक्याच्या थंडीत ही जात मेल्यासारखी झोपते, हे डॉक्टरनं गुंडाला सांगितलं असेलही. गुंडानं आईला सांगितलेलं नव्हतं. सुभेदारानं चुलीपुढचा एक जोंधळ्याचा दाणा उचलून गालात घातला, आणि त्याच वेळी आत पोर रडलं.

दिवस मावळायला आला तेव्हा बांधावरून हाक आली. नाथाजी पाटील लांब उभे होते, नाकाला उपरणं लावून.

"राहीबाई! काय झालं?"

"पोरगी!"

"आवं, उंदराचं इचारतोय मी! पुरला का?"

राहीबाईनं मागं वळून बघितलं. बनू झोपली होती. पोरगी झोपली होती. मदिनाबी ओसरीवर बसून कोंबड्या मोजत होती. आळीत जात्याचा आवाज नव्हता, भांडण नव्हतं, तान्ह्या पोरीच्या डोळ्यांत काय घालावं हे सांगायला आलेली एकही बाई नव्हती. बाळंतपणाचा महिनाभर असा मिळाला तर बनूला बरं, हा विचार तिच्या मनात आला आणि तिनं तो सगळीकडून उलटून पाहिला. कुठंही खोट दिसेना.

"पुरला न्हाई अजून!" ती ओरडली. ते खरंच होतं.

"लवकर पुरा! आन् महिनाभर कुनी हिकडं येऊ नगा, आमीबी तिकडं येत न्हाई!"

"बरं पाटील!" राहीबाई म्हणाली, आणि दार ओढून घेतलं.