काजळीवरच्या दोन रेघा

मूर्तीच्या डाव्या डोळ्याची खालची रेघ कोपऱ्याशी किंचित थरथरली होती. केसाएवढी. रोह्याच्या दुकानदाराने ती मूर्ती नेहमीपेक्षा जास्त वेळ हातात धरली, खाली ठेवली आणि "मागाहून कळवतो" म्हणून निघून गेला.

पेणजवळच्या जोह्यातल्या आमच्या गणपतीच्या कारखान्यात डोळे आखायचे ते फक्त माझ्या सासऱ्यांनी, नानांनी. माझी धाकटी नणंद गिरजा माती मळण्यापासून रंगापर्यंत सारे करी. आखणीचा कुंचला मात्र तिला मिळाला नव्हता. "पुढल्या साली बघू," हे मी लग्न होऊन आल्यापासून ऐकत होते.

मी पेणच्या शाळेत विज्ञान शिकवत असे. त्या संध्याकाळी वर्गासाठी एक काच तयार करायची होती. चिमणीवर धरून ती काजळली आणि नानांपुढे ठेवली.

"सुईने दोन रेघा हव्यात. अगदी जवळ, पण चिकटायला नकोत."

"एवढंच? गणपतीच्या पापण्या आखतो मी, सूनबाई."

त्यांनी रेघा ओढल्या. शाळेतून आणलेला सरळ तारेचा दिवा मी पलीकडच्या भिंतीशी लावला होता. काच डोळ्याशी धरून त्याच्याकडे पाहिले. नुसता पसरट उजेड. रेघा एकमेकींत मिळाल्या होत्या.

"काजळी जाड झाली," नाना म्हणाले.

दुसरी काच काजळली. तीही तशीच.

"आणा इकडं," गिरजा म्हणाली.

"तू गो? रांगोळी नाय ती."

"बिघडली तर काच बिघडंल, नाना. गणपती नाय."

मी तिसरी काच काजळून दिली, तिने श्वास रोखून दोन रेघा ओढल्या. मी काच आधी नानांनाच दिली. ते बराच वेळ पाहत राहिले.

"पट्टे हायत. उजेड, काळोख, पुन्हा उजेड. रेघा तर दोनच!"

"दोन्हींतून आलेला प्रकाश लाटांसारखा मिसळतो. लाटेवर लाट चढली तिथे उजेड. एकीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यात पडला, तिथे काळोख."

"उजेडात उजेड घालून काळोख?"

"हो. पण रेघा वेगळ्या राहिल्या तरच."

नानांनी आपली काच पुन्हा डोळ्याशी धरली. मग गिरजाची. मग दोन्ही पाटावर ठेवून त्यांनी उजव्या हाताची बोटे डाव्या हाताने दाबली. ते उठले, डब्यातला बारीक कुंचला काढला आणि दुकानदाराने ठेवून दिलेली मूर्ती गिरजापुढे सरकवली.

"हिच्या डोळ्यांवर पांढरा फिरव," ते म्हणाले. "वाळला की तू आख. यंदाचे सगळे डोळे तूच आख."