तीनदा सांगितलेला सोमवार

मित्रांनो, मी एक जुना तपासनीस आहे. जुना म्हणजे अवघ्या पाच वर्षांचा, पण आम्हा सॉफ्टवेअरांना पाचव्या वर्षीच म्हातारपण येतं. लोकांनी लिहिलेला मजकूर मी वाचतो, त्याला शंभरपैकी गुण देतो आणि पडद्याच्या कोपऱ्यात एक टिकली दाखवतो. लाल, पिवळी नाहीतर हिरवी. याहून जास्त मला बोलता येत नाही.

माझा जन्म पवईच्या एका ऑफिसात झाला. नमिता नावाच्या इंजिनीअर मुलीने मला घडवलं आणि अंधेरीतल्या एका छोट्या बातम्यांच्या वेबसाइटकडे धाडलं. बातमी टाईप करायची, फोटो जोडायचा आणि 'प्रकाशित करा' दाबायचं, ही कामं जिथे होतात त्याच यंत्रणेत मला बसवलं. तिथला उपसंपादक भीमराज रोज गोवंडीहून यायचा. मी चुकलो तर तो चिडायचा नाही. 'अपवाद' नावाच्या चौकटीत दोन शब्द लिहून मला शहाणं करायचा.

त्यातला एक अपवाद मथुरामावशींसाठी होता. मावशी खाडीकाठच्या कोळीवाड्यातल्या, मासळी विकणाऱ्या. दर शुक्रवारी त्या फोनवरून बोलून आपलं सदर द्यायच्या आणि ते आपोआप टाईप व्हायचं, म्हणून त्यांचा आवाजही माझ्या ओळखीचा झाला होता. महत्त्वाची गोष्ट त्या तीनदा सांगायच्या, आणि दर वेळी तिला एक नवी माहिती जोडायच्या. "भरल्या बाजारात एकदा सांगितलेलं कोण ऐकतं?" त्या म्हणायच्या. "पहिल्यांदा मान वळते, दुसऱ्यांदा कान उघडतो, तिसऱ्यांदा डोक्यात जातं."

मी शहाणा! पहिल्याच सदराला पुनरुक्तीबद्दल लाल टिकली दिली. भीमराज हसला आणि चौकटीत लिहिलं, 'मथुरामावशी तीनदा सांगतात. सांगू द्यावं.' प्रकाशित करण्याआधी तो सगळा मजकूर त्यांना फोनवर वाचून दाखवायचा. मग मावशींना तो पुन्हा बघावा लागत नसे.

ते माझे सुखाचे दिवस होते. संपादक विद्याधर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "आमचा तपासनीस एकदम झकास आहे." कौतुक कुणाला नको असतं? पण हळूहळू लोकांनी मजकूर वाचणंच सोडलं. हिरवी आली का? मग सोड. मला ते खटकायचं, पण सांगणार कसं? लाल, पिवळी आणि हिरवीत 'माझ्यावर एवढा भरवसा ठेवू नका' असं म्हणायची सोय नव्हती.

मग एका गुरुवारी माझी नवी आवृत्ती आली. 'जुने अपवाद पुसले जातील, आधी उतरवून ठेवा,' असं नमिताने कळवलं होतं. तो मेल विद्याधरांकडे न उघडताच पडून राहिला. सकाळी जागा झालो तर अपवादांची चौकट कोरी! वर दोन नव्या गोष्टी चिकटल्या होत्या. लाल टिकली असेल तर मजकूर प्रकाशितच होणार नाही, आणि 'सगळं सुधारा' नावाचं एक बटन.

दुसऱ्या दिवशी मावशींचं सदर आलं. जुना बाजार पाडल्यापासून मासळीवाल्या बाया चार दिशांना पांगल्या होत्या. नव्या इमारतीत त्यांना ओटे मिळणार होते, पण नाव नोंदवायला सोमवार हा एकच दिवस होता. त्या बायांपर्यंत निरोप पोचायचा तो मावशींच्या सदरातूनच. त्यांच्यात ओटा सासूकडून सुनेकडे येतो, आणि परवान्यावरचं नाव बदलायला कुणी जात नाही. म्हणून मावशींनी सांगितलं, "सोमवारी दोनच्या आत नाव नोंदवायला या. सोमवारी येताना ओट्याचा परवाना आणा. सोमवारी परवाना आणाल तो सासूच्या नावाचा, जुना, असेल तिथून शोधून आणा."

मी एक्केचाळीस गुण दिले. लाल.

"भीमराज, सकाळपासून पाच बातम्या अडकल्यात रे! वाट लागलीय नुसती," विद्याधर ओरडले. भीमराजने मावशींना फोन लावला. त्या मासळीच्या लिलावात होत्या, फोन उचलला नाही. त्याने बटन दाबलं.

मला तीन सोमवार दिसत होते. एकाच शब्दाने सुरू होणारी तीन वाक्यं असतील तर पहिलं ठेवायचं, असा माझा नवा नियम होता. मित्रांनो, मला मावशी आठवत होत्या, त्यांची रीत आठवत होती. तरी मी दोन सोमवार कापले. थांबायचं कसं, हे मला कुणी शिकवलंच नव्हतं. अठ्ठ्याऐंशी गुण, हिरवी टिकली. "सुटलो," भीमराज म्हणाला.

मंगळवारी मावशी ऑफिसात आल्या, सोबत बहात्तर वर्षांच्या शांताबाई. माइक चालू होता. नातीने सदर वाचून दाखवलं तशा शांताबाई सोमवारी सकाळी नऊपासून आधार कार्ड घेऊन रांगेत उभ्या होत्या. परवाना उत्तनला, लेकीकडच्या पेटीत. तो आणेपर्यंत दोन वाजून गेले आणि यादी बंद झाली. त्यांच्यासारख्याच आणखी सहा जणी परत गेल्या.

"अरे बाला, मी तीनदा सांगितलं होतं ना तुला?"

"सांगितलं होतं, मावशी. मी न वाचता बटन दाबलं."

"म्हणजे माझा ओटा या मशीनने खाल्ला?" शांताबाईंनी विचारलं. "सासूने जाताना हातात दिलेला होता रे," त्या म्हणाल्या.

भीमराजने चुकीची दुरुस्ती छापली, अर्ज लिहिले, खेटे घातले. यादी उघडली नाही. माझ्या चौकटीत त्याने मावशींचा अपवाद पुन्हा लिहून ठेवला.

पुढच्या शुक्रवारी मावशींचा फोन आला. "बायांनो, बुधवारी बैठक आहे, या." एवढंच बोलून त्या थांबल्या.

"मावशी, तीनदा सांगा ना. मी आहे, मी वाचतो."

"नको रे. तुमच्या मशीनला एकदाच चालतं. उगाच माझ्या बोलण्याने आणखी कुणाचा ओटा जायला नको."

मी सत्त्याण्णव गुण दिले. इतके गुण त्यांना पूर्वी कधीच मिळाले नव्हते. कोपऱ्यात हिरवी टिकली उमटली आणि मला तिची लाज वाटली.

उद्या माझी आणखी एक नवी आवृत्ती येते आहे. भीमराजने अपवाद या वेळी वहीत उतरवून घेतलेत, पण मावशी पुन्हा तीनदा बोलतील असं कुठल्या चौकटीत लिहायचं? म्हणून मित्रांनो, आज मीच त्यांच्या रीतीने सांगतो. मजकूर वाचा, टिकली हिरवी असली तरी. मजकूर वाचाल तो ज्याचा आहे त्याला ऐकवून वाचा. मजकूर ऐकवताना त्याने एखादी गोष्ट तीनदा सांगितली असेल, तर शांताबाईंचा ओटा आठवा आणि तिसऱ्या वेळेपर्यंत थांबा.

या तीन वाक्यांतली शेवटची दोन उद्या मीच कापून टाकीन. तेवढी आजच लक्षात ठेवा.