दीड मिनिटाच्या डॉक्टरांची बॅग

मित्रांनो, मी एक जुनी, काळी, डॉक्टरची बॅग आहे. माझ्या पोटात औषधाची एक गोळीही कधी गेली नाही. तरी मला डॉक्टरची बॅग म्हणूनच मान हवा, हे आधीच सांगून ठेवते!

एका कारागिराने मला खऱ्या डॉक्टरसाठी शिवलं होतं. खटका सैल आहे म्हणून त्या डॉक्टरने मला नाकारलं आणि मी एका नटाच्या हाती आले. एक्केचाळीस सिनेमांत त्यांनी डॉक्टरचंच काम केलं. दार उघडायचं, आम्ही आत जायचं, नाडी बघायची, "धीर धरा" म्हणायचं आणि बाहेर पडायचं. पडद्यावर ते तेवढाच वेळ दिसत, म्हणून सगळे त्यांना 'दीड मिनिट' म्हणत. ते हसत, मला मात्र राग येई. एकदा त्यांना वकिलाचं काम मिळालं, तेव्हा मी तीन दिवस कपाटावर फुगून बसले होते.

त्यांची एक खोड होती. माझ्यात ते दोन किलोचं लोखंडी वजन ठेवत. सासऱ्यांच्या किराणा दुकानातलं होतं ते. "रिकामी बॅग हातात झुलते," ते म्हणत. "रोग्याकडे निघालेला डॉक्टर असा झुलत जाईल का?"

त्यांची बायको कपाळावर हात मारून घेई. "अहो, रडणं, भांडणं, त्याला अभिनय म्हणतात. तुम्ही काय, नुसते ओझं घेऊन चालता!"

सिनेमाला ती दर वेळी सोबत यायची, पण त्यांचं काम आलं की रुमाल शोधत बसायची. पेपरात नाव आलं नाही, त्याचं त्यांना काही वाटलं नाही. हिने एकदा तरी 'छान केलंत' म्हणावं, एवढंच त्यांच्या मनात होतं. मला ठाऊक होतं, कारण रात्रंदिवस मी त्यांच्याच हातात.

मग कामं थांबली. माझ्यात कांदे-बटाटे भरले गेले. मित्रांनो, काय सांगू, कांद्यांनी माझ्या डोळ्यांत पाणी आणलं!

सात वर्षांनी फोन आला. पुन्हा डॉक्टर, पुन्हा दीड मिनिट. पण तोवर त्यांचं हृदय अधू झालं होतं आणि खऱ्या डॉक्टरांनी जड उचलायला सक्त मनाई केली होती. "पाण्याची बादलीसुद्धा नाही," असं बजावलं होतं. ते ऐकतील तर शपथ! त्यांनी मला पुसलं आणि वजन आत ठेवलं. ते दाढी करत असताना बायकोने गुपचूप येऊन ते काढून घेतलं. मला गाडीतही तिनेच नेऊन ठेवलं.

शूटिंगच्या ठिकाणी त्यांनी मला उचललं आणि ते थबकले. खटका उघडून आत पाहिलं. भिंतीशी विटांचा ढीग होता. एक वीट टाकली की काम भागलं असतं. त्यांनी विटांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि खटका लावला.

"चला," ते म्हणाले.

त्यांचा उजवा खांदा खाली आला. बोटं माझ्या मुठीवर घट्ट आवळली. तिसऱ्या पायरीवर त्यांनी मला या हातातून त्या हातात घेतलं. माझी मलाच शंका आली, आत काही आहे की काय!

शॉट संपताच मदतनीस धावत आला. "काका, द्या इकडे, किती जड आहे!" त्याने जोर लावून मला उचललं, तर मी थेट त्याच्या हनुवटीला लागले. तो बघतच राहिला.

सिनेमा लागला. मी नेहमीसारखी त्यांच्या मांडीवर होते. पडद्यावर ते पायऱ्या चढू लागले. बायको रुमाल शोधत होती. तिने सहज वर पाहिलं आणि त्यांचं मनगट धरलं.

"अहो, वजन तर मी काढून ठेवलं होतं!"

"हो."

"मग हे..."

"नुसता चालतोय," ते म्हणाले.

तिने मनगट सोडलं नाही. म्हणाली, "मी किती वर्षं चुकीचं बोलले हो तुम्हाला! छान केलंत. फार छान." त्यांनी चष्मा काढून पुसला, मग पुन्हा पुसला.

आता ते नाहीत. मी कपाटात असते. मित्रांनो, जुन्या वस्तूची धूळ झटका, खटक्याला तेल घाला, एवढं तर मी मागणारच. पण कुणाचं काम छोटं दिसलं, तर त्याकडे दीड मिनिट नीट बघा. रुमाल नंतर शोधा.

परवा नातवंडांनी मला खाली ओढलं. आत काहीच नव्हतं. ते वजन त्यांच्या आजीने पुन्हा कधी ठेवलंच नाही. तरी आजी स्वयंपाकघरातून लगबगीने आली आणि दोन्ही हात माझ्याखाली धरून म्हणाली, "सांभाळून रे! जड आहे ती."