नायक चुकला, त्याचा पंचनामा

देवसिंग नायकाला सकाळपासून जो संताप आला होता, तो काढावा कोणावर हेच ठरत नव्हतं. कारकुनावर काढावा, तर तो सरकारी. बायकोवर काढावा, तर तिचा स्वतःचा आधीच चुलीवर उकळत होता. राहता राहिलं रिव्हॉल्व्हर, आणि सगळी कटकट त्याच्यावरूनच.

साल चौसष्ट. मुकुटबनच्या अलीकडे बंजाऱ्यांचा तांडा, आणि देवसिंग त्याचा नायक, म्हणजे प्रमुख. आज्या-पणज्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ वाहिलं, देवसिंगने ज्वारी पेरली, आणि ती रानडुकरांना फार आवडली. डुकरांसाठी म्हणून सरकारने त्याला हत्याराचा परवाना दिला होता. हत्यारही नशिबानेच मिळालं. कोळसा शोधायला आलेला एक परदेशी इंजिनिअर मायदेशी निघाला, तेव्हा त्याचं रिव्हॉल्व्हर रीतसर कागद होऊन देवसिंगच्या घरी आलं.

त्या रिव्हॉल्व्हरची मौज अशी, की त्याला चरख्या दोन. चरखी म्हणजे सहा काडतुसं बसतात तो मधला फिरता गोळा. एक लहान काडतुसांची, एक लांब काडतुसांची. बाजूचं झाकण उघडायचं, मधली दांडी ओढायची, की चरखी टपकन तळहातावर. दुसरी बसवायची, दांडी सारायची, झालं. नळी तीच, मूठ तीच, घोडा तोच. लहान चरखी ससा घाबरवायची, मोठी डुक्कर पाडायची. निदान देवसिंगची तशी श्रद्धा होती, आणि त्याचा सगळा जीव मोठ्या चरखीत होता.

परवान्याचं नूतनीकरण आलं, आणि कचेरीतून वामनराव नावाचे कारकून चौकशीला आले. त्यांनी बाजेवर रुमाल अंथरला, त्यावर दोन्ही चरख्या ठेवल्या, आणि बराच वेळ त्यांच्याकडे सोयरीक पाहायला आल्यासारखं पाहिलं.

"परवाना एका हत्याराचा आहे, नायक."

"हत्यार एकच हाय न साहेब."

"गोळी कशातून सुटते?"

"चरखीतून."

"चरख्या किती?"

"दोन."

"मग?" वामनराव म्हणाले, आणि त्यांनी पानाचा विडा गालात सरकवला. विषय त्यांच्यापुरता संपला होता.

"अन् नळी? एकच नळी हाय न! साहेब, माह्या घरी टोप्या दोन हायेत. म्हणून काय मले डोस्की दोन झाली?"

"टोपीला परवाना लागत नाही," वामनराव शांतपणे म्हणाले. मग त्यांनी नियम सांगितला. एक चरखी जास्तीची म्हणून जमा करावी लागेल. पण जास्तीची कोणती, हे पंचांसमोर दिसलं पाहिजे. दोन्हींनी नेम धरा. जिचा नेम चुकतो ती जमा.

"अन् दोन्हीचा सारखाच लागला तं?"

"तर मग ती दोन पुरी हत्यारं. परवाना एक, हत्यारं दोन. रिव्हॉल्व्हरसकट सगळंच जमा."

देवसिंगला वाटलं, कानात काहीतरी गेलं असावं. म्हणजे नेम चांगला लागला तर हत्यार जाणार, आणि चुकला तर राहणार! पण ज्वारी हुरड्यात आली होती, आणि रोज एकेका धुऱ्याचं, बांधालगतचं पीक डुकरांच्या नावाने जात होतं. तो उठला.

त्याच्या बायकोच्या, बसंतीबाईच्या, छपरावर दोन कोहळी पिकली होती. ती न विचारता उतरवली गेली, हे तिच्या संतापाचं कारण. पंचवीस पावलांवर, बांधाला टेकवून, दोन्ही मांडली आणि प्रत्येकाला कुंकवाचा टिळा लावला. सरकीच्या पोत्यावर मनगट टेकवून देवसिंग बसला. वामनराव कडुनिंबामागे उभे राहिले. कडुनिंब बारीक होता, म्हणून ते बाजूने बरेचसे उरले. तांड्यातलेच पाच पंच ओळीने बसले. कोहळ्यातली भोकं मोजायचं काम उकंड्याकडे. उकंडा नायकाचा गाडीवान. बैल हाकायची तुतारी त्याच्या हातातून सुटत नसे, जेवतानाही नाही.

पहिली लहान चरखी. सहा बार, सहा छोटे फटाके. उकंडा धावत गेला. "सहाच्या सहा, नायक! साऱ्या एका बांगडीत!"

देवसिंगचा चेहरा पडला; मुद्दाम चुकवावं हे त्याला सुचलंच नव्हतं. लाडकं पोर हरणार हे त्याला दिसू लागलं. त्याने दांडी ओढली, चरखी बदलली, लांब काडतुसं भरली. मोठीचा आवाज दांडगा. पहिल्याच बाराला मनगट उडालं आणि कोहळ्याच्या वर बांधावरची माती उडाली. दुसरी कोहळ्यात. तिसरीने डावीकडचा दगड फुटला. एकूण दोन लागल्या, चार गेल्या, हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. वाईट वाटलं, पण सुटल्यासारखंही वाटलं. मोठी जाईल. रिव्हॉल्व्हर तर वाचलं!

उकंडा कोहळ्यापाशी जरा जास्तच वेळ वाकला. मग उभा राहिला.

"सहाच्या सहा!"

पंचांनी माना हलवल्या. एक म्हातारा पंच तर म्हणाला, "नायकाचा बापही असाच होता."

"अबे, चार चुकल्या!" देवसिंग ओरडला. "माती उडाली ते दिसली नाई काय तुमाले?"

"वारा होता, नायक," दुसरा पंच म्हणाला.

"दगड फुटला!"

"दगडाचं काय, तो आधीचाच फुटका."

"नायक लय साधा माणूस," म्हातारा पंच वामनरावांना समजावून सांगू लागला. "आपली तारीफ आपल्या तोंडानं करत नाई."

वामनरावांनी लिहायला घेतलं: दोन्ही चरख्या समान अचूक, सबब हत्यारं दोन, सबब सर्व जमा.

उभ्या जन्मात देवसिंगला कोणी खोटं पाडलं नव्हतं, आणि आज अख्खा तांडा इज्जत देऊन त्याला लुटत होता.

तेवढ्यात बसंतीबाई विळा घेऊन बांधापाशी पोचली. तिला चरखीचं काही पडलं नव्हतं. कोहळ्याची भाजी तरी होते का, तेवढं तिला पाहायचं होतं. पहिलं कोहळं चिरलं. सहा भोकं, सहाही आरपार. दुसरं चिरलं, आणि ती तशीच फाका घेऊन कारकुनासमोर आली.

"हे पाहा साहेब. दोन भोकं आरपार. अन् ही चार? बोटाच्या पेराएवढी आत जाऊन थांबली! गोळीले मधातच दम लागला काय?"

सगळ्यांचे डोळे उकंड्याच्या तुतारीकडे वळले. तिच्या टोकाला लोखंडी आर असते, बैलाला टोचायची. आरेला कोहळ्याची बी चिकटली होती.

"काहून बे?" देवसिंगने विचारलं.

उकंड्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "तांड्याचा नायक चुकला, हे मी कसा सांगू जी? परक्या माणसापुढं?"

वामनरावांनी कागद फाडला, नवा घेतला: मोठ्या चरखीने सहापैकी चार वेळा नेम चुकला. "अंगठे लावा."

एकही अंगठा पुढे आला नाही. पाचही पंचांनी हात पाठीमागे बांधले.

"नायक चुकते, असं लिहून देऊ?" म्हातारा पंच म्हणाला. "उद्या पोराबाळाले काय तोंड दाखवू?"

"अरे पण मी चुकलो न!"

"तुमी म्हणता. आमी नाई म्हणत."

देवसिंगने डोळे मिटले. बापाच्या मरणानंतर डोक्याला पागोटं बांधलं, त्या दिवसापासून त्याने कधी हुकूम म्हणून शब्द वापरला नव्हता. वापरायची वेळच आली नव्हती. तो उठून उभा राहिला.

"तांड्यात नायकाचा शब्द कोणी मोडते काय?"

"नाई जी," पाचही जण एका आवाजात म्हणाले.

"मग हा नायकाचा हुकूम हाय. नायक चुकला. चार येळा चुकला. लावा अंगठे!"

शाईच्या डबीत बोटं बुडाली. म्हाताऱ्या पंचाने अंगठा असा उमटवला, जसा मयताच्या कागदावर उमटवतात. शेवटचा अंगठा उकंड्याचा. वामनरावांनी त्याला साक्षीदार केला होता.

रिव्हॉल्व्हर लहान चरखीसकट घरात राहिलं. मोठी चरखी वामनरावांनी रुमालात बांधली आणि पावती दिली: 'हत्यार, एक. मूठ नाही, नळी नाही, घोडा नाही. बाकी सुस्थितीत.'

"बाकी काय उरलं यात?" देवसिंगने विचारलं.

"ते मी कसं सांगू," वामनराव म्हणाले. "हत्यार तुमचं आहे."

त्या हंगामात डुकरांनी अर्धी ज्वारी खाल्ली. लहान चरखीचा आवाज ऐकून ती फक्त मान वर करत, आणि पुन्हा कणसाकडे वळत. धुऱ्यावर बसलेला देवसिंग त्यांना शिव्या देई, कचेरीला देई, आणि मागे उभा असलेला उकंडा दर बाराला न चुकता म्हणे, "लागली, नायक!"