सर्व्हरला घातलेला हार

अंबरनाथच्या आमच्या तपासणी केंद्रात त्या सकाळी पेशंटपेक्षा भक्तच जास्त होते. काचेच्या कपाटातल्या सर्व्हरला झेंडूचा हार, पुढ्यात नारळ, आणि पाटावर उल्हासनगरचे सर्व्हरनाथ महाराज. भगवं घालण्याआधी हे गृहस्थ तिथल्याच बाजारात कंप्युटर दुरुस्त करायचे. तेव्हा गिऱ्हाईक वॉरंटी मागायचं, आता पाया पडतं.

मालक प्रमोदशेठ हात जोडून उभे होते. रिपोर्ट अडकू लागल्यापासून आमच्या पॅथॉलॉजिस्ट डॉ. यशोधरा ‘एक्स-रेला वेगळी डिस्क घ्या’ म्हणून कानीकपाळी ओरडत होत्या. शेठनी डिस्कऐवजी महाराज आणले.

माझ्या काउंटरला टेकून बेलवलीच्या भागीरथीबाई उभ्या होत्या. नवरा डेंग्यूनं हॉस्पिटलात पडलेला, प्लेटलेट चढवायच्या की नाही ते रक्ताच्या रिपोर्टवर ठरणार होतं. तपासणी केव्हाच झाली होती, आकडे मात्र सर्व्हरमध्ये अडकलेले.

"डिस्कवर शनीची छाया आहे!" महाराज गरजले. "आरती संपेपर्यंत माऊसला कुणी हात लावायचा नाय. आणि एक्स-रे बंद! किरणांनी मंत्र जळतो."

टाळ्या सुरू झाल्या आणि प्रिंटरमधून धडाधड चार रिपोर्ट पडले. शेठच्या डोळ्यांत पाणी आलं. आरती संपली, एक्स-रे सुरू झाला, प्रिंटर पुन्हा गप्प. भागीरथीबाईंचा रिपोर्ट आतच राहिला.

"रोज दोनदा आरती लागेल," महाराज म्हणाले. "नायतर माझं तांब्याचं यंत्र बसवा."

तेवढ्यात डॉ. यशोधरा आल्या. त्यांनी मला एकच विचारलं, "आरतीत काय काय बंद ठेवलं होतं?"

मी सांगितलं.

"एक्स-रे थांबवा. आणि महाराज, तुम्हीपण जरा थांबा."

ना मंत्र, ना टाळी. भागीरथीबाईंचा रिपोर्ट लगेच बाहेर आला, तो त्यांच्या हॉस्पिटलला धाडला.

"आता एक्स-रे चालू ठेवून आरती म्हणा," डॉक्टर म्हणाल्या.

महाराजांनी घसा फोडला. प्रिंटर ढिम्म हलला नाही.

"शेठ, या एका सर्व्हरच्या पोटात तीन व्हर्च्युअल मशीन आहेत, बिलाचं, रिपोर्टचं आणि एक्स-रेचं. दिसायला तीन कंप्युटर, पण खाली डिस्क एकच. चाळीत नळ एक आणि एक्स-रेवाला पिंप भरत बसलाय, बाकीच्यांच्या कळशा रिकाम्या. यांनी फक्त पिंपवाल्याला बाजूला केलं. जुने कंप्युटरवाले आहेत, त्यांना हे पक्कं ठाऊक आहे."

महाराज नारळ उचलून निघाले. लाज नव्हतीच, मग तोंड लपवावं कशाला!

"म्हंजे त्यो यक्स-रे सकाळीच थांबवला असता, तर तवाच रिपोर्ट भेटला असता?" भागीरथीबाईंनी शेठना विचारलं. "माझा माणूस तिकडं तापानं फणफणतोय, आन् तुमी इथं टाळ्या पिटत व्हतात?"

शेठनी सर्व्हरवरचा हार उतरवला.

वाचकहो, चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी एवढं विचारा, त्या वेळी आणखी काय बदललं होतं? मग तेवढंच पुन्हा करून बघा, महाराजांशिवाय. विचारायला लाजाल, तर तुमचं माणूस आरती संपायची वाट बघत पडून राहील.