सिमोनची खुर्ची

इरावतीने फडकं पिळलं आणि रिकाम्या खुर्चीखालचं पाणी पुन्हा पुसायला घेतलं.

"रेडिएटर गळत असणार," श्रीकांत म्हणाला. बायकोला न्यायला आला की त्याचं निदान ठरलेलं. रेडिएटर पार समोरच्या भिंतीला होता, पण नवऱ्याच्या शहाणपणात असं मधेच बोलू नये.

आल्मेरे नावाच्या डच गावातल्या या सभागृहात महिन्यातून एकदा काही म्हातारी माणसं गोल करून बसत. नाझींच्या काळात परक्या घरांत लपवून ठेवलेली ही ज्यू मुलं. आता एकमेकांना सांभाळायला जमत. इरावती कॉफी करून द्यायची. कोणाच्या आठवणीला 'तसं नव्हतं' म्हणायचं नाही, एवढाच त्यांचा नियम. आणि एक जुनी सवय: निघताना आपण इथे होतो याची खूण ठेवायची नाही. कप धुतलेले, खुर्च्या भिंतीशी, नॅपकिनांच्या कडेला कड जुळवून घड्या.

खूण उरायची ती त्यांच्यातल्या रोसाआजींच्या भावासाठी, सिमोनसाठी, मांडलेल्या खुर्चीखाली.

"लपून राहिलेल्याला तुमच्या भाषेत काय म्हणतात?" आजींनी एकदा विचारलं होतं.

"भूमिगत. म्हणजे जमिनीत गेलेला."

"आमच्याकडे म्हणतात, बुडी मारली. सिमोनने बुडी मारली, असं मला सांगितलं. मी चार वर्षांची. म्हटलं, दम संपला की येईल वर."

तेव्हा आल्मेरे नव्हतंच, नुसतं पाणी होतं. पुढे डचांनी ते उपसलं, गाव वसवलं, आणि अगदी सुरुवातीच्या घरांतलं एक आजींनी घेतलं. थेट तळाशी. पटत नसेल तर तिथे कोणाचंही परसू खणून बघा, शिंपले निघतात.

आज लेक त्यांना कायमचं आपल्या गावी, बेस्टला, न्यायला आली होती.

"कोरडी जमीन आहे तिकडे, आई," ती कोट धरून म्हणाली.

आजी खुर्चीची पाठ सोडेनात.

"तो वर आला आणि ओळखीचं कोणी दिसलं नाही," त्या इरावतीला हळूच म्हणाल्या, "तर परत बुडी मारेल. तसंच शिकवलं होतं आम्हाला. तू मांडशील खुर्ची?"

"मांडीन."

"आणि लगेच पुसत बसू नकोस, त्याला लाज वाटते. बाकी सगळं आवरतो गं तो. पाणी तेवढं त्याच्याच्याने पुसवत नाही."

"मग टॉवेल ठेवते."

आजींनी खुर्ची सोडली. "इतक्या वर्षांत कोणाला सुचलं नाही बघ," त्या म्हणाल्या, आणि कोटाच्या बाहीत हात घातला.

पुढच्या महिन्यात इरावतीने खुर्ची मांडली, तिच्यावर घरचा जाडा टॉवेल टाकला. कॉफी झाली, बोलणी झाली. त्या खुर्चीकडे कोणी पाहिलं नाही. सगळे आवरून गेले. ती किटली विसळून बाहेर आली, तेव्हा श्रीकांत फरशी न्याहाळत उभा होता.

"आज कोरडं आहे," तो म्हणाला. "केला वाटतं रेडिएटर दुरुस्त."

सिमोनची खुर्ची बाकीच्यांच्या ओळीत, भिंतीशी लावलेली होती. तिच्यावर टॉवेल. कडेला कड जुळवून चौघडी घातलेली. इरावतीने तो उचलला. ओलाचिंब होता, आणि जड.

"चल, दिवे बंद करतो," श्रीकांत म्हणाला.

"एक राहू दे," ती म्हणाली.