उताराचं पाणी

उकळी फुटायच्या बेतात होती, तेवढ्यात जयवंतीने चुलीतलं जळतं लाकूड मागे ओढलं आणि त्यावर मूठभर राख टाकली. पातेल्यातलं पाणी फुरफुरलं आणि गप्प झालं.

“लाकडं ओली हायत सायेब,” तिने आतूनच सांगितलं. “जरा दम धरा.”

“चहा राहू द्या, बाई,” ओटीवरून आवाज आला. “मला पलीकडे जाऊन एस.टी. गाठायचीय.”

“आमच्या दारातनं कोनी तसाच जात नाय.”

तिचा आवाज नेहमीसारखाच निघाला, याचं तिलाच नवल वाटलं. तिने हात लुगड्याला पुसले आणि मागच्या दारातून खाडीकडे पाहिलं. तिवरांच्या मुळ्या अजून उघड्या होत्या. परवाच अमावास्या झालेली. आज उधाणाची भरती होती. पाणी येणार होतं, आणि एकदा यायला लागलं की भराभर येणार होतं.

खंडेरावसाहेब शिक्षण विस्तार अधिकारी होते. माणूस घाटावरचा, नगरकडचा. पालघरला बदली होऊन वर्षही झालं नव्हतं. वाडीतल्या लोकांनी दोन वर्षं अर्जावर अर्ज केले, तेव्हा कुठे ते आज सकाळी शाळा बघायला आले होते. ती शाळा वाडीनेच उभी केलेली. नारळाचे खांब, वर झावळ्यांचं छप्पर, खाली दर शनिवारी बायका सारवतात ती जमीन. बळवंत गुरुजी तिथे चौथीपर्यंत शिकवत. दोन वर्षांमागे वरून नियम आला होता, की पट कमी असेल ती शाळा बंद करून मुलं जवळच्या मोठ्या शाळेत घालावीत. मोठी शाळा एडवणच्या बाजूला, खाडीपलीकडे. नकाशावर पाहिलं तर हाकेच्या अंतरावर.

मागच्या पावसाळ्यात गुरुजी टायफॉइडने अंथरुणाला खिळले, तेव्हा मुलं पलीकडच्या शाळेत जायला लागली होती. वाडीतल्या साखरबाईची लेक मंगला एका दुपारी खाडीतून परत आलीच नाही. अर्जात हेही लिहिलं होतं.

आणि आज साहेब आले ते नेमके पूर्ण ओहोटीला. खाडी पायी ओलांडायच्या उताराला पाणी जेमतेम घोट्याएवढं. विजार दुमडून, पायताण हातात घेऊन ते मजेत चालत आले आणि काठावर उभ्या असलेल्या माणसांकडे बघून हसले.

“एवढीच का तुमची खाडी?”

गुरुजींचा चेहरा उतरला. त्यांनी भरतीचं, उधाणाचं सांगायचा प्रयत्न केला, पण साहेबांना ते पटलेलं दिसलं नाही. मुलांना दोन प्रश्न विचारून झाल्यावर ते म्हणाले, “तारापूरला अणुवीज केंद्र उभं राहतंय. उद्या या मुलांना तिथे नोकऱ्या मिळतील. पण त्यासाठी चांगल्या शाळेत शिकायला नको का?”

साखरबाई खांबाला टेकून उभी होती. तिच्याकडे न बघता कोणीतरी मंगलाचं नाव काढलं.

“ते वाईटच झालं,” साहेब म्हणाले. “पण मुलीवर घरच्यांनी लक्ष ठेवायला हवं होतं.”

पदर तोंडाला लावून साखरबाई घराकडे निघून गेली. आणि जयवंती पुढे होऊन म्हणाली, “सायेब, च्या घेतल्याबिगर जायचं नाय.”

तिच्या मनात तेव्हा एवढंच होतं, की माणसाला पाणी दिसावं. ते दिसलं की तो इथेच बसेल, संध्याकाळच्या ओहोटीला जाईल, आणि जाताना त्याच्या मनात ते पाणी असेल.

चहा झाला. मग तिने तांदळाच्या भाकऱ्या थापल्या. मग तिला शहाळं आठवलं, आणि ते काढायला माणूस शोधावा लागला. साहेब भिडेपोटी बसत होते आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होते. अखेर ते उठलेच.

सगळे उताराशी आले. तिवरांच्या मुळ्या दिसेनाशा झाल्या होत्या. मधला पट्टा मातकट झाला होता आणि समुद्राकडून आत ओढल्यासारखा धावत होता.

“सायेब, थांबा,” जयवंती म्हणाली. “भरती लागलीया. आता कोनी उतरत नाय.”

“सकाळी घोट्याएवढं होतं. आता फार तर गुडघाभर असेल.”

“तसं नसतं ते.”

“होडी नाही का?”

वाडीची एकुलती एक होडी डागडुजीसाठी उपडी घालून ठेवलेली होती. गुरुजींनी ती बोटाने दाखवली. साहेबांनी होडीकडे पाहिलं, मग गुरुजींकडे, मग जयवंतीकडे. त्यांच्या कपाळावर आठी पडली.

“सकाळपासून बघतोय. आधी चहा, मग भाकरी, मग शहाळं. मला इथे अडवून ठेवायचं ठरवलंय का तुम्ही? दुपारी पंचायत समितीच्या सभापतींपुढे बैठक आहे माझी. अशाने शाळा वाचत नसते.”

असं म्हणून त्यांनी पाण्यात पाय घातला.

मुद्दाम भरतीपर्यंत अडवलं हे जयवंतीने सांगावं, तर शाळा गेलीच. न सांगावं, तर हा माणूस जीवानिशी जातो. गुरुजी काठावरून हाका मारत राहिले. तिने लुगड्याचा काष्टा खोचला आणि साहेबांमागून पाण्यात शिरली.

गुडघा, मांडी, कंबर. पाणी इतक्या लवकर चढलं, की साहेब मध्येच थबकले. त्यांनी मागे वळायला पाय उचलला, पण तो गाळातून सुटेना. पायताण हातातून निसटून वाहत गेलं. ते तिरपे झाले. जयवंतीने त्यांचा दंड धरला, तेव्हा त्यांनी तिचं मनगट असं आवळलं, की बांगडी फुटून काच आत रुतली.

“मला पोहता येत नाही,” ते म्हणाले. हळू, लाजल्यासारखं.

“माज्याकडं बघा. पान्याकडं बघू नका. पाय सरळ वर नाय काढायचा, आडवा काढा. आडवा!”

लाट नव्हती, आवाज नव्हता. नुसता एक जोर होता, न थांबणारा. साहेबांच्या हनुवटीला पाणी लागलं. त्यांचे डोळे मोठे झाले होते. मंगलानेही शेवटी असंच कुणाकडे तरी बघितलं असेल, आणि समोर कोणी नसेल. जयवंतीच्या तोंडून एकाएकी बाहेर पडलं,

“मीच तुमाला अडवलं, सायेब. मुद्दाम अडवलं. पानी बघून बसाल असं वाटलं. मी... मला नवतं हे...”

त्यांनी ऐकलं की नाही, कळलं नाही. तेवढ्यात पाय सुटला. ती त्यांना ओढत राहिली आणि ते ओढले जात राहिले. मग गुरुजींनी टाकलेला होडीचा दोर हाताला लागला.

भरती उतरेपर्यंतचा वेळ साहेबांनी शाळेत काढला, गुरुजींचं धोतर नेसून, खांबाला पाठ टेकून. मुलांना घरी धाडलं होतं. समोर दुपारच्या उन्हात खाडी काठोकाठ भरून चकाकत होती आणि साहेब तिच्यावरून नजर काढत नव्हते. दिलेला भात त्यांनी खाल्ला नाही.

जयवंती घरी बसून होती. मनगटाला हळद लावली होती. सुगंधा, तिची लेक, पाटी घेऊन शेजारी येऊन बसली, तर तिने तिला उगीचच जवळ ओढलं. साहेबांनी ऐकलं असेल तर? सरकारी माणसाला बुडवायला निघाली होती, असं लिहितील. पोलीस येतील. गुरुजींची नोकरी जाईल. तिचा नवरा धर्माजी तारापूरच्या कामावर मजूर होता, त्यालाही उद्या फाटकावरून परत पाठवतील. एकेक विचार आला, की ती दाराकडे बघायची.

उन्हं कलल्यावर बोलावणं आलं.

साहेब उताराशी उभे होते. गुरुजींना त्यांनी थोडं लांब थांबायला सांगितलं होतं. पाणी ओसरलं होतं आणि चिखलात खेकडे धावत होते.

“तुमचे जुने-नवे सगळे अर्ज मीच वाचले होते,” ते खाडीकडे बघत म्हणाले. “मंगलाबद्दलचाही. वाचून शेरा मारला होता, की अंतर कमी आहे.”

जयवंती मान खाली घालून उभी राहिली.

“ही एकच शाळा वाचवायची तर माझ्या अहवालावर वाचेल कदाचित. पण खाडीपलीकडच्या अशा वाड्या या किनाऱ्यावर पुष्कळ आहेत. त्यांना पटाचा नियम लावू नये, असा ठराव समितीने करायला हवा. आणि समितीतली माणसं अहवाल वाचतील तशीच, जसे मी तुमचे अर्ज वाचले.” ते तिच्याकडे वळले. “पुढचं उधाण केव्हा?”

“पुनवेला.”

“मग पुनवेला घेऊन येतो त्यांना. सकाळी, ओहोटीला.”

तिला आधी समजलं नाही. मग समजलं, आणि तिने चटकन वर पाहिलं. म्हणजे त्यांनी ऐकलं होतं. सगळं ऐकलं होतं.

“नाय सायेब,” ती म्हणाली. “हे परत नाय करायचं. तवर होडी दुरुस्त होईल. त्यांना होडीतनं आना.”

“होडीतून आले तर त्यांना काय कळणार?”

शाळेच्या बाजूने गुरुजी आशेने त्यांच्याकडे बघत होते.

“त्यांच्यातल्या कुनाला पवता येतं का?” तिने विचारलं.

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं.

“ते मी कधी विचारलं नाही,” ते म्हणाले.

मग त्यांनी गुरुजींकडून एक काठी मागून घेतली आणि पलीकडे निघाले. पाणी घोट्याएवढंही नव्हतं. तरी पाऊल टाकण्याआधी दर वेळी ते काठीने समोरची जमीन चाचपून बघत होते.